पांढरा कान

गांगुर्डे सरांच्या शोकसभेत मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "सरांच्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलीचा हात वाकडा पडला नाही." शोकसभा होती म्हणून, नाहीतर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मी खुर्चीत बसल्या बसल्या मनात म्हटलं, अहो, एवढं एक वाक्य तेवढं नको होतं. दुसरं काहीही बोला. सर वेळेवर यायचे म्हणा, चहात साखर जास्त घ्यायचे म्हणा. पण हे नको. मुख्याध्यापक नवे, त्यांचा काय दोष? मलाही बोलायला सांगितलं होतं, मी नको म्हटलं. तिथे प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात. मी गणिताची बाई असले तरी माहेर माझं सटाण्याकडचं. आमच्याकडे गोष्ट सांगायची तर आधी समोरच्याला बसायला सांगतात, पाणी देतात आणि मग सुरुवात करतात.

तर बसा.

आमची शाळा सातपूरला, कारखान्यांच्या पाठीमागे. सकाळची प्रार्थना आणि पहिल्या शिफ्टचा भोंगा अगदी एकात एक. गांगुर्डे सर पी.टी. शिकवायचे. प्रतिज्ञेला सगळ्यांनी उजवा हात समोर धरायचा आणि सर ओळींमधून फिरत ओरडायचे, "हात सरळ! कोपरात वाकला की अर्धी प्रतिज्ञा!" ओरडताना त्यांचाही हात समोर असायचा, आणि तो कोपरात चांगला वाकलेला असायचा. लहानपणी चिंचेवरून पडले होते. घरच्यांनी हाडवैद्याकडे नेलं, त्याने तेल लावून पट्ट्या बांधल्या, हाड जुळलं पण वाकडं जुळलं. पोरं गालातल्या गालात हसायची. एकदा पाचवीतल्या एका चुणचुणीत मुलीने विचारलंच, "सर, मग तुमची पण अर्धीच का?" सर तिच्यासमोर उभे राहिले, हात तसाच वाकडा धरून म्हणाले, "माझी अर्धी राहिली म्हणून तर तुमच्याकडून पुरी करून घेतोय." सगळी पोरं हसली, सरही हसले. पुढे त्या वाक्याने काय उच्छाद मांडला ते मला दिसलं, म्हणून ते लक्षात राहिलं.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. माझ्या वर्गाच्या टेबलावरचे खडू नाहीसे व्हायला लागले. आज डबा भरून ठेवावा, उद्या तळाशी चार तुकडे. मला पोरांचा संशय. मग एक दिवस पी.टी.चा तास संपवून मुली वर्गात आल्या तर निम्म्या मुलींचा उजवा कान पांढराफटक! संताप आला की माझ्या तोंडून अहिराणी निघते. मी ओरडले, "हाई काय शे?" एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, बोलिंग शे." सगळा वर्ग फुटला.

मी तरातरा मैदानावर गेले. सर शांतपणे एका मुलीच्या दंडाला आतल्या बाजूने माझाच खडू फासत होते. म्हणाले, "देवरे मॅडम, आलात ते बरं झालं. आता बघा." मुलगी धावत आली, हात फिरवला, थांबली. सरांनी तिचा कान पाहिला. तिथे खडूचा पुसट पट्टा. "बघितलं? दंड कानाला घासून गेला की हात बरोबर वरून आला. कान कोरा राहिला की हात बाजूने आला. घरी जाऊन आरशात बघायचं, स्वतःलाच कळतं. व्हिडिओ नको, काही नको." मी म्हटलं, "आणि खडू कोणाचे?" ते म्हणाले, "सरकारचे." मी हसले, आणि हसले तिथेच हरले. त्यानंतर खडूचा डबा मागवताना मी दोन मागवायला लागले.

वसाहतीत सरांच्या मुली कानावरून ओळखू यायच्या. संध्याकाळी पिठाच्या गिरणीत, नळावर, कुठेही उजवा कान पांढरा दिसला की समजावं, ही गांगुर्डे सरांची. एका मुलीची आई शाळेत येऊन मला विचारून गेली, "मॅडम, ही कानात काय घालते? हाक मारली तर ओ देत नाय." मी म्हटलं, "ओ न देणं वयामुळे आहे, पांढरा रंग सरांमुळे."

सरांकडे मुलीच होत्या, कारण मुलगे शहरातल्या अकॅडमीत जायचे. सर त्यावरून कधी कुरकुरले नाहीत. उलट म्हणायचे, "पोरं टीव्ही बघून येतात. आधी त्यांच्या अंगातली नक्कल काढावी लागते. पोरी कोऱ्या येतात." पहिले कितीतरी दिवस ते चेंडूच द्यायचे नाहीत. नुसता रिकामा हात फिरवायचा. मग ओला रुमाल. रुमालाचं टोक बोटांत धरून चेंडू टाकल्यासारखा हात आणायचा आणि मनगट झटकायचं. बरोबर वेळी झटकलं तर पुढ्यात 'फट्' असा आवाज. आधी झटकलं तर आवाज डोक्यावर, उशिरा झटकलं तर रुमाल आपल्याच मांडीवर. मी वर्गात समीकरणं सोडवतेय आणि बाहेर फट्, फट्, फट्. मला वाटायचं शाळेच्या आवारात धोबीघाट निघालाय. सरांचं एक म्हणणं ठरलेलं: "चेंडू फेकू नका गं, सोडा. पिकलेलं सीताफळ देठ सोडतं तसा सुटला पाहिजे." शिट्टी गळ्यात असायची, पण वाजवायचे नाहीत. टाळी वाजवायचे. शिट्टीने माणूस दचकतो, दचकला की खांदा आखडतो, असं त्यांचं शास्त्र.

आणि मग हिरा आली.

हिरा भोये. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. तिचा मामा आमच्याकडे एका कंपनीत कंत्राटावर होता, त्याने भाचीला शिकायला आणलं, आठवीत घातलं. महिनाभर ती वर्गात एक शब्द बोलली नाही. मला वाटलं गणित कळत नसेल. गणित कळत होतं. बोलायची गरज वाटत नव्हती, एवढंच.

एक दिवस खिचडीच्या शेडवर कावळे जमले होते. पातेल्यांवर झडप घालायचे, शिपाई हाकलून दमला. हिराने ओढणी काढली, दुहेरी केली, मध्ये खडा ठेवला, गरगर फिरवली आणि एक टोक सोडलं. कावळा उडाला. तिने दुसरा खडा घेतला. हा कावळ्याच्या अंगावरून गेला आणि मैदानाच्या पार त्या टोकाला टांगलेल्या शाळेच्या घंटेवर बसला. ठण्ण! वरच्या मजल्यावरच्या वर्गांनी मधली सुट्टी झाली असं समजून दप्तरं बंद केली आणि सगळी शाळा जिने उतरून खाली. तेव्हाच्या मुख्याध्यापिका लालबुंद. "कोणी वाजवली घंटा?" हिरा पुढे होऊन म्हणाली, "मी. पण नेम कावळ्याचा होता."

गांगुर्डे सर शिक्षेच्या जागेवरूनच तिला मैदानावर घेऊन गेले.

मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. पण खिडकी मैदानावर उघडते, त्यामुळे जे दिसलं ते सांगते. हिराचा हात वरून यायचाच नाही. खांद्याच्या बाजूने, तिरपा, कुणी भाकरी थापून लांब फेकावी तसा यायचा. चेंडू आधी बाहेर जातोय असं वाटायचं आणि मग वळून थेट स्टंपात. नववी-दहावीची मोठाली मुलं मुद्दाम तिच्यासमोर बॅट घेऊन उभी राहायची आणि मागे वळून स्वतःची उडालेली दांडी बघायची. मी पाढे म्हणवून घेत असले तरी त्या लाकडाच्या आवाजाला वर्ग माना वळवायचा. मीही वळवायची. सरांनी तिला विचारलं, "चेंडू कधी सोडायचा हे तुला कसं कळतं गं?" ती म्हणाली, "मला नाय कळत सर. हाताला कळतं. शेतात नागलीवर पाखरं बसली की माळ्यावर, मचाणावर उभं राहून दिवसभर गोफण चालवायची. दोरी कधी सोडायची ते कोण विचार करतं?"

सर त्या दिवशी स्टाफरूममध्ये आले ते तरंगत. "मॅडम, आयुष्यात एक अशी मिळाली ना, बास." त्यांना मूलबाळ नव्हतं. ते हे बोलले आणि डबा उघडायचाच विसरले.

जिल्ह्याच्या संघाची निवड होणार होती. निवड झाली तर पुढे खेळाच्या वसतिगृहात जागा, शिक्षण, खाणंपिणं, सगळं. मामाचं कंत्राट आज आहे, उद्या नाही. कंत्राट गेलं तर हिरा परत पाड्यावर. सगळं त्या एका सकाळवर होतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि सरांनाही.

आणि सरांना भीतीने ग्रासलं.

सरांची ती भीती मी फार जवळून पाहिली. आधी ते म्हणायला लागले, "हात जरा वर घेतला तर?" मग म्हणाले, "वर घ्यायलाच पाहिजे." मी म्हटलं, "अहो, दांड्या उडतायत ना? मग चालतंय त्याला कशाला हात लावता?" तेव्हा त्यांनी मला त्यांची जुनी गोष्ट सांगितली. तरुणपणी ते वसाहतीच्या संघातून जोरात बोलिंग टाकायचे. एका मोठ्या सामन्यात, चांगले चांगले लोक बघायला आलेले असताना, स्क्वेअर लेगच्या अंपायरने नो बॉल दिला. पाय तर रेषेच्या आत. पुन्हा नो बॉल. पुन्हा. मग कळलं, पायाचा नाही, हाताचा. कोपर वाकतं, हा टाकत नाही, फेकतो. "हाड वाकडं जुळलंय हे सांगायला गेलो तर म्हणाले, डॉक्टरचा कागद आणा. हाडवैद्य कुठला कागद देतो, मॅडम?" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "भाला दे रे त्याला, भाला!" सर हसत हसत सांगत होते. पण टेबलाखाली डाव्या हाताने उजवं कोपर धरून बसले होते.

मी म्हटलं, "पण हिराचं कोपर सरळ आहे. नुसता हात तिरपा आहे. टीव्हीवर कितीतरी जण तसे टाकतात."

त्यावर ते जे बोलले ते मी विसरणार नाही. "मॅडम, मोठ्या घरच्या पोराने तिरपं टाकलं की त्याला स्टाइल म्हणतात. आपल्या पोरीने टाकलं की म्हणतात, हिला कोणी शिकवलंच नाही. आपल्याकडे बोट दाखवायला जागाच राहता कामा नये. आपलं पुस्तकासारखं पाहिजे."

आम्ही दोघेही असल्याच शाळांतून वर आलेले. चूक दिसू नये म्हणून दुप्पट नीट वागायची आम्हा लोकांना सवय असते. मी वहीतलं अक्षर अजून घाबरून काढते. त्यामुळे मला ते पटलं. त्यांची चूक ही होती की त्यांनी स्वतःच्या हाताचा राग तिच्या हातावर काढला. अतिशय प्रेमाने काढला, हे तर आणखी वाईट.

दिवाळीच्या सुट्टीभर रोज सकाळी. खडू, रिकामा हात, ओला रुमाल. हिराचं एकच, सर म्हणाले वर, की वर. माझा वर्ग जादा तासांसाठी उघडा असायचा, म्हणून मी येऊन बसायची. पहिल्यांदा तिचा कान कोरा. नंतरही कोराच. मग एके सकाळी टाळ्यांचा आवाज आला म्हणून बाहेर बघितलं तर सर हिराला हाताला धरून माझ्या वर्गात आणत होते. तिचा कान पांढरा झाला होता. सरांनी आधीच आणून ठेवलेले पेढे काढले. "बघा मॅडम! हात आला! घड्याळाच्या काट्यासारखा आला!" हिराने पेढा घेतला, सरांच्या पाया पडली, माझ्या पडली. मी म्हटलं, "आणि स्टंप?" सर म्हणाले, "स्टंपाचं नंतर बघू हो. हात आला की स्टंप येतो मागून."

स्टंप आला नाही. हात सुंदर आला, अगदी वरून, दंड कानाला घासून. पण चेंडू कुठे सोडायचा ते त्या नव्या हाताला माहीत नव्हतं. कधी डोक्यावरून फुलटॉस, कधी पायापाशी आपटायचा. कधी यष्टिरक्षक मुलगी एका बाजूला आणि चेंडू दुसऱ्या. सर म्हणायचे, "बसेल, बसेल." रुमाल झटकायला लावायचे. आवाज कधी डोक्यावर, कधी मांडीवर. जो हात विचार न करता सोडायचा तो आता विचार करायला लागला होता. तिचा चेहरा बघून मला माझ्या वर्गातली पोरं आठवायची. तोंडी उत्तर फटकन येतं, आणि पायऱ्या लिहा म्हटलं की पहिल्या पायरीवर अडकतात.

निवडीच्या सकाळी मीही गेले. मुलींबरोबर एक बाई हवी म्हणून. शहरातलं मोठं मैदान, पांढऱ्या टोप्या घातलेले निवडणारे. हिराचं नाव पुकारलं. धावत आली ती वाऱ्यासारखी, हात आला तो घड्याळाच्या काट्यासारखा, आणि चेंडू वाइड. पुढचा वाइड. पुढचा फुलटॉस, समोरच्या मुलीने तो कुंपणाबाहेर मारला. निवडणाऱ्यांतले एक गृहस्थ सरांकडे वळून म्हणाले, "ॲक्शन छान आहे हो हिची. अगदी शुद्ध. पण बोलिंग नाही." त्यांनी हे कौतुकाने सांगितलं. सर मान हलवत राहिले, नुसती हलवतच राहिले.

शेवटचा चेंडू टाकायच्या आधी हिराने सरांकडे बघितलं. मला अजून वाटतं, ती विचारत होती, माझ्यासारखा टाकू का? सरांनी बोट कानाला लावलं. तिने वरून टाकला. वाइड.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आपण म्हणतो आणि हसून सोडून देतो. सरांना ते सोडता आलं नाही. परतीच्या बसमध्ये हिरा खिडकीला डोकं टेकून झोपली. सर तिच्या कानाकडे बघत होते. मग त्यांनी रुमाल काढला आणि ती जागी होऊ नये अशा बेताने तो कान पुसला.

त्यानंतर मैदानावर खडू दिसला नाही. मला दुसरा डबा मागवायची गरज उरली नाही आणि ते मला खुपायचं. नव्या मुली येत, सर म्हणत, "जसा येतो तसा टाक गं." एवढंच. शिकवायचं जवळपास बंदच झालं. हिराचा जुना हात परत आणायचाही त्यांनी प्रयत्न केला. "विसर सगळं, गोफणीसारखा टाक," म्हणाले. तिने खूप केलं. हात मध्येच अडकायचा, ना वर ना तिरपा. खांदा दुखायला लागला. दहावी झाली, तोवर मामाचं कंत्राट संपलं, आणि हिरा गेली.

सर अधूनमधून आमच्या घरी सामना बघायला यायचे, माझ्या यजमानांना नाद आहे म्हणून. एकदा मुलींचा सामना लागला होता. कुठल्याशा परदेशी संघातली मुलगी, हात तिरपा, अगदी भाकरी फेकल्यासारखा. दांडी उडाली. मैदान नुसतं नाचतंय. यजमान म्हणाले, "काय ॲक्शन आहे बघा सर, कोणाला कळतच नाही!" सर उठले, चप्पल घातली आणि चहा तसाच ठेवून गेले. यजमान म्हणाले, "काय झालं गं?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा हो जरा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, सुरगाण्याला याल का? मी एकटा एका मुलीच्या घरी जाणं बरं दिसत नाही. बाईमाणूस बरोबर पाहिजे."

गेलो. एसटीने, वणीच्या पुढे घाट चढत. नागली पिवळी पडायला आली होती. हिराने आम्हाला लांबून ओळखलं आणि धावत आली. अंगाने भरली होती, हसरी झाली होती. तिच्या आईने काळा चहा केला, नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं वाढलं. हिरा म्हणाली, हंगामात ती दिंडोरीकडे द्राक्षाच्या छाटणीला जाते. मग सरांकडे बघून सहज म्हणाली, "मांडवाला हात वरच लागतो सर. बायांचे खांदे भरून येतात. माझा नाय येत. सवय झालीय ना."

सरांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. मी पाणी पुढे केलं.

जेवणानंतर सर म्हणाले, "चल गं, गोफण चालवून दाखव." हिराची आई हसायला लागली. हिराने मान खाली घातली. "आता धाकटा भाऊच पाखरं हाकतो सर." "अगं, एकदा." ती माळ्यावर चढली. नागलीच्या पार टोकाला पाखरांचा थवा उतरला होता. तिने खडा घातला, गोफण फिरवली, आणि सोडायच्या क्षणी हात वर गेला. सरळ, कानाला घासून. खडा उंच उडाला आणि माळ्यापासून हाताच्या अंतरावर आपल्याच नागलीत पडला. पाखरं हललीसुद्धा नाहीत. तिने पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग ती वरूनच म्हणाली, "बघा ना. आता हे पण नाय जमत."

मी आयुष्यात पुष्कळ रडणं ऐकलंय, शाळेतली बाई आहे. पण ती रडत नव्हती, हसत होती, आणि ते मला सहन झालं नाही. सर माळ्याखाली उभे होते. वर बघून म्हणाले, "हिरा, चुकलो गं मी."

ती घाईघाईने खाली उतरली. "असं नका ना बोलू सर. तुम्ही तर चांगलं तेच शिकवलं. सगळे म्हणाले ना, ॲक्शन छान हाय."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान त्यांना घरी जाऊन झोप लागली असती.

निघताना सरांनी तिच्याकडे गोफण मागितली. ती म्हणाली, "काय करणार?" सर म्हणाले, "शिकणार. मला आली की तुझी तुला परत देतो." तिला वाटलं सर गोफणीबद्दल बोलताहेत. ती म्हणाली, "ठेवा तुम्हाला, मी दुसरी वळीन."

मग सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, भाषणं. आपल्या भाषणात सर एवढंच म्हणाले, "मुलांनो, खेळत राहा," आणि बसले. मला वाटलं आता सुटतील एकदाचे. पण सुट्टीच्या दिवशी, शाळा बंद असताना, शिपायाला सांगून ते मैदानावर यायचे, हे मला नंतर कळलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते असंच. पेपर तपासायला शाळेत गेले होते. दुपारची वेळ, मैदानात चिटपाखरू नाही. खिडकीतून बघते तर सर. केस पूर्ण पांढरे, हडकलेले, हातात हिराची गोफण. फिरवत, सोडत, आणि मग खडा कुठे पडला ते शोधत जात. खडा कधी भिंतीवर, कधी मागे. वाकडं कोपर, साठी उलटलेला खांदा, त्यात गोफण बाळपणी कधी हातात धरलेली नाही. मैदानावरची कुत्री केव्हाच पळून गेली होती.

मी खाली गेले. म्हटलं, "काय चाललंय सर हे? डोकं फुटेल कोणाचं. तुमचंच फुटेल."

ते दमले होते, तरी चेहऱ्यावर हसू होतं. "जमत आलंय मॅडम. तो तिरपा हात कसा येतो ते एकदा माझ्या अंगात उतरलं ना, की मी तिला पायरी-पायरीने दाखवतो. नागली काढायच्या आत जातो. तुम्ही पण चला." मग जरा ओशाळून म्हणाले, "तुमच्या टेबलावरचा एक खडू घेतला. हात बाजूने येतोय का ते कळायला नको? कान कोरा राहिला पाहिजे."

"आरसा कुठाय इथे?" मी म्हटलं.

"म्हणून तर तुम्हाला विचारतो. थांबा हां." ते मागे सरले, खडा घातला, गोफण फिरवली. डोळे मिटले, अगदी मन लावून. हात आला. गोफणीचं टोक सुटलं, खडा कुठेतरी शेडच्या पत्र्यावर वाजला. सर तसेच उभे राहिले आणि त्यांनी मान तिरपी करून उजवा कान माझ्याकडे केला, एखादी मुलगी करायची तसा.

"बघा बरं मॅडम. कोरा आहे ना?"

कान पांढराफटक होता. वरपासून पाळीपर्यंत.

"आहे," मी म्हटलं. "कोराच आहे सर."

ते लहान मुलासारखे हसले आणि दुसरा खडा शोधायला गेले.